प्रवासाला छोटी गिटार: सोय की नुसती हौस?

डोंगरवाट:
नोकरीपायी महिन्यातून दोनदा पुणे-नागपूर होतं. घरची ४१ इंची ड्रेडनॉट (मोठ्या अंगाची गिटार) कपाटावर धूळ खातेय, कारण ती घेऊन एसटीत चढायचं म्हणजे नवरदेवाचं सामान सांभाळल्यासारखं होतं. म्हणून छोटी गिटार घ्यायचं ठरवलंय. बजेट दहा हजार, फार ताणलं तर बारा. माझं मत स्पष्ट आहे: रोज हातात येणारी बरी गिटार ही घरी पडलेल्या उत्तम गिटारीपेक्षा भारी. वाद घाला, अकलेचे तारे मात्र तोडू नका.

खर्जातला:
असहमत. छोट्या गिटारीत खर्जच नसतो हो! नेहमीच्या गिटारीवर नटपासून (मानेच्या टोकाची पट्टी) ब्रिजपर्यंत (अंगावरचा तारा अडकवायचा तुकडा) तार साधारण ६५० मिमी, यामाहा जेआर२ वर ५४०. तीच तार त्याच सुराला लावली की ताण लांबीच्या वर्गाच्या हिशेबाने उतरतो, म्हणजे तीसेक टक्के कमी. जाडी ई, म्हणजे सगळ्यात खर्जातली तार, लुळी पडते, जोरात छेडली की बझ मारते (खरखरते) आणि बोट जरा जास्त दाबलं की सूर चढतो. दोन वर्षं असलं खेळणं बाळगलंय मी. तंबूबाहेर चारजण गायला लागले की माझी गिटार मलाच ऐकू येत नसे.
त्यापेक्षा ३८ इंची कटअवे (मानेजवळ अंगाला खाच असलेली) घ्या, जाड गादीची बॅग घ्या आणि रेल्वेत वरचा बर्थ घ्या. उरलेल्या पैशांत नागपूरला सावजी खा.

आखूडबोटी:
खर्जातले, सगळ्यात लहान माप पकडून सगळ्याच छोट्या गिटारींना झोडपताय. बेबी टेलर किंवा लिटल मार्टिन २३ इंचांच्या आसपास, म्हणजे ५८० मिमी. तिथे ताण वीसेक टक्केच कमी आणि ११ ऐवजी १२ च्या, म्हणजे जरा जाड, तारा चढवल्या की बरीच भरपाई होते. (त्या दोन्ही या बजेटात नाहीत, मान्य. पण त्या मापाच्या स्वस्त गिटारी मिळतात.)
आणि बोटांचं काय? ६५० मिमीवर पहिला पडदा (मानेवरची धातूची आडवी पट्टी) नटपासून साडेछत्तीस मिमीवर, ५४० वर तीस. तुमच्या पंज्याला तो फरक जाणवणारही नाही. माझा एफचा बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा) वर्षभर नीट वाजला नाही, छोट्या गिटारीवर पंधरा दिवसांत वाजला. ते 'खेळणं' नसतं तर मी गिटार केव्हाच विकली असती.

पांढरी एक:
दोघांचंही राहू द्या, गिटालेले घ्या, म्हणजे युकुलेलेएवढी सहा तारांची गिटार. यामाहाची ७० सेंमीच्या आत आहे, पाठीवरच्या पिशवीत अर्धी मावते. नायलॉनच्या तारा, सूर नेहमीच्या गिटारीपेक्षा पाच अर्धस्वर वर, ए ते ए. जी कॉर्डचा आकार धरला की सी वाजतो, म्हणजे थेट पेटीची पांढरी एक. पेटीवाल्याशी भांडण नाही.

खर्जातला:
मग माझ्याच गिटारीला पाचव्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावतो की! काढला की खर्ज परत.

पांढरी एक:
आणि तो कॅपो लावलेला पलंग विमानात कुठे ठेवणार?

खर्जातला:
तुमची तरी नियमात कुठे बसते? देशांतर्गत विमानात केबिन बॅगेचं माप साधारण ५५ × ३५ × २५ सेंमी. सत्तर काय नि शंभर काय, शेवटी सगळं काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर.

लाल माती:
मापावरून भांडताय, लाकडाचं कोण बघणार? आमच्याकडे कोकणात जून ते सप्टेंबर गिटारीला घाम येतो. सॉलिड टॉप (एकसंध लाकडाची वरची फळी) दमट हवेत फुगतो, ब्रिजमागे पोट सुटतं, तारा वर उचलल्या जातात. प्रवासाला प्लायवूडचीच बरी. आवाज थोडा कोता, पण जीव घट्ट. आणि ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी आतली सळई) आहे का ते विचारून घ्या. मी न बघता ऑनलाइन मागवलेल्या गिटारीत नव्हता. पहिल्याच पावसाळ्यात मान वाकली. आता ती भिंतीवर शोभेला आहे.
दुकानात बाराव्या पडद्यावर तारेखाली एटीएमची तीन कार्डं एकावर एक ठेवून सरकवा. तिन्ही मिळून सव्वादोन मिमी होतात. जाड्या ईखाली जेमतेम गेली तर ठीक. ढिली गेली आणि वर चौथं मावलं, तर सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासून घ्यावा लागेल.

डोंगरवाट:
काल दुकानात जाऊन आलो. कार्डांचा प्रयोग केला, दुकानदाराला वाटलं पैसे देतोय. ५८० मिमीची एक प्लायवूडवाली आवडली, साडेआठ हजार. जाडी ई खरंच जरा लुळी आहे, खर्जातले. पण बाराच्या तारा चढवून मागितल्यात. शनिवारी मिळेल.

खर्जातला:
बॅग कोणती देतायत? पातळ कापडाची असेल तर घेऊ नका, रविवारी फोन कराल मला.