नंदू भेंडे फक्त इंग्रजी गाण्यांच्या नकला करणारे नव्हते

'नंदू भेंडे म्हणजे कुलाब्याच्या क्लबांत इंग्रजी गाणी म्हणणारा गायक, त्यांचा मराठीशी काय संबंध?' असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. पहिला अर्धा भाग खरा आहे. वेल्वेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर हे त्यांचे बँड, आणि दिग्दर्शक अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' या इंग्रजी रॉक संगीतिकेत ते ज्यूडासच्या भूमिकेत होते. ज्यूडासची गाणी वरच्या पट्टीत अक्षरशः फाडून म्हणावी लागतात. घशात दम नसेल तर पहिल्याच गाण्यात माणूस उघडा पडतो.

पण ते मराठी रंगभूमीवरच्या आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव, नाटक घरातच होतं. १९७८ साली पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा' या नाटकात, पुण्याच्या थिएटर अकॅडमी या नाट्यसंस्थेच्या मंचावर, हाच रॉकवाला गळा मराठीत लागला. हे कसं विसरता येईल?

आणखी एक, जे या चर्चेत कुणीच लिहिलं नाही. 'डिस्को डान्सर'मधलं 'कृष्णा धरती पे आजा तू' त्यांचंच. आमच्या चाळीसमोर गोविंदाच्या दिवशी सकाळपासून कर्ण्यावर ते लागायचं, थर लावणारी पोरं ओल्या अंगाने त्यावर नाचायची. आवाज कुणाचा, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. खाली उभ्या असलेल्या एका काकांना सांगितलं, तर म्हणाले, "आत्माराम भेंड्यांचा मुलगा? काय सांगतोस!" २०१४ मध्ये नंदू गेले, तेव्हा मला सगळ्यात आधी तो कर्णाच आठवला.