दोघांसाठी रात्रीचं जेवण: मागवायचं की कुकर लावायचा?

प्रश्न: मुंबईत दोघंच, घरी पोचायला साडेआठ. आठवड्यात चार वेळा बाहेरून मागवलं जातं. अर्ध्या तासात घरी काय होईल?

उत्तर १: मूगडाळ खिचडी. कुकरमध्येच तूप, जिरं, हिंग, हळद. 1 वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ धुऊन मिनिटभर परता, साडेतीन वाट्या उकळतं पाणी, मीठ, मध्यम आचेवर 3 शिट्ट्या. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. डाळ फेसाळते आणि शिट्टीतून पिवळं पाणी उडतं. मग ओटा पुसत बसा!

उत्तर २: खरा वेळ खातं ते वाटण. रविवारी 4 कांदे उभे चिरून तेलात लाल करा, वाटीभर भाजलेलं सुकं खोबरं, आलं, लसूण घालून शक्यतो पाण्याशिवाय वाटा. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. मोड आलेली मटकी आणि दोन-तीन वड्या, उसळ तयार. ओल्या नारळाचं वाटण नुसतं फ्रिजमध्ये ठेवलं तर लवकर आंबतं.

उत्तर ३: मागवायचंच तर बिर्याणी किंवा रस्सा. डोसा, भजी नकोच, बंद डब्यात वाफ कोंडून लिबलिबीत होतात. बिलात पदार्थांच्या खाली बघा: पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी, जीएसटी. दोनशेची भाजी तिथेच फुगते. उरलेला भात लगेच फ्रिजमध्ये, सकाळपर्यंत ओट्यावर नको.

प्रश्नकर्ता: खिचडीला 3 लिटरचा कुकर पुरेल?

उत्तर १: दोघांना आरामात.