मदत हवी आहे: पाठ्यपुस्तकातला धडा घडाघडा, नवीन वाक्य आलं की अडतो

दुसरीची_ताई: मराठी माध्यम, दुसरी, मुलाचं वय साडेसात. पुस्तकातला धडा बोट फिरवत न अडखळता म्हणतो. त्यातलेच शब्द फळ्यावर उलटसुलट लिहिले की थांबतो. 'घर'चं 'धर', 'भात'चा 'मात'. जोडाक्षर सोडून देतो. गोष्ट ऐकवली तर मात्र सगळी उत्तरं बरोबर, तोंडी हिशेबही पक्का. ही वाचन-अक्षमता म्हणायची की सराव कमी पडतोय?

अक्षरपाटी: ताई, घ-ध, भ-म यांवरून काही ठरवू नका. ती अक्षरं दिसायलाच जवळची, या वयात पुष्कळ मुलं चुकतात. ऐकून समजतं पण वाचून नाही, ही तफावत जास्त बोलकी आहे. धडा पाठ आहे, म्हणून अडचण झाकली गेली.

त्याला एकट्याला, शांत जागी बसवा. पहिलीच्या पातळीचा, कधीच न पाहिलेला साठेक शब्दांचा उतारा द्या आणि एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते मोजा. तोच उतारा वर्गातल्या चार-पाच मुलांना द्या. तुलना त्यांच्याशीच करायची. मग दहा निरर्थक शब्द: मोटक, गिलू, टारूस असे. इथे पाठांतर आणि अंदाज दोन्ही चालत नाहीत. शेवटी कागद बाजूला ठेवून तोंडी: 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरतं? 'टोपी'त 'टो'च्या जागी 'सो' घाल. हे जमलं नाही तर अडचण बहुधा डोळ्याची नाही, आवाज सुटे करण्याची आहे.

पहिली वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. 'सूर्य'मधला र 'य'च्या डोक्यावर बसतो, पण ऐकू येतो 'य'च्या आधी. अशी मुलं नेमकी तिथे अडतात. मराठीत बहुतेक शब्द लिहिले तसेच वाचले जातात, त्यामुळे तिसरी-चौथीपर्यंत ती बरोबर वाचूही लागतात, पण फार सावकाश. शेरा पडतो 'वाचतो' आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून वेग बघा.

दुसरीची_ताई: निरर्थक शब्द दहापैकी दोनच आले. 'सोपी' जमलं नाही. आता वाचन-अक्षमतेच्या दाखल्यासाठी पाठवू?

विशेष_शिक्षक: आधी डोळे आणि कान तपासून घ्या. हजेरी किती, घरी बोली कोणती, हेही नोंदवा. घरची भाषा वेगळी असेल तर चित्र बदलतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' ही चाळणी चाचणी मराठीतही आहे, पहिली-दुसरीसाठी वेगळी. ती चाळणीच, निदान नव्हे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते (वाचन-अक्षमता त्यातच मोडते), पण केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दाखला आठ वर्षांनंतरच मिळायचा; त्या सूचना 2024 मध्ये बदलल्या, तेव्हा सध्याचा नियम विचारून घ्या.

पण शिकवायला दाखला लागत नाही, उद्यापासून सुरू करा. रोज पंधरा मिनिटं, एका वेळी एकच स्वरचिन्ह (काना, वेलांटी, उकार असं). अक्षरांची सुटी कार्डं मांडून, मोठ्याने आवाज काढत शब्द जुळवू द्या. दहा वेळा लिहून आणायला सांगू नका: मूल आकार उतरवतं, आवाज जोडत नाही. आणि कृपा करून सगळ्या वर्गासमोर उभं करून वाचायला लावू नका. त्या धास्तीने येतं तेही अडतं.

पालकांना 'मंद', 'आळशी' हे शब्द नकोत. ऐकून किती छान समजतं, ते आधी सांगा. सहा आठवड्यांनी नव्या उताऱ्यावर तीच एका मिनिटाची चाचणी घ्या आणि आकडे तारखेसह वहीत लिहा. पुढे तपासणीला जाताना ती वही पालकांसोबत द्या.