मदत हवी आहे: वाडीतल्या रुग्णसाहित्यासाठी संस्था नोंदवायची आहे, पत्ता कोणाच्या घराचा देऊ?

नमस्कार मंडळी,

आमची वाडी गुहागर तालुक्यात, तवसाळच्या अलीकडे. गेल्या पावसाळ्यात काकांना पक्षाघात झाला तेव्हा चिपळुणाहून भाड्याचा पलंग आणला. पलंगापेक्षा टेंपोचं भाडं जास्त. काका गेले, आणि मग मुंबईकरांनी वर्गणी काढून एक पलंग, दोन वॉकर, एक व्हीलचेअर आणि कमोडची खुर्ची घेऊन दिली. सगळं आमच्या पडवीत असतं. ज्याला लागेल त्याने वहीत सही करून न्यायचं, काम झालं की धुऊन आणून द्यायचं. वहीत १९ नावं झालीत.

घोळ पैशांचा आहे. वर्गणी माझ्याच बचत खात्यात जमा होते. शिमग्याला पालखीमागे चालताना एकाने हसत विचारलं, "भाऊ, हिशेब काय म्हणतोय?" हसतच विचारलं, पण रात्रभर डोळा लागला नाही. त्यात लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीतला ओळखीचा म्हणतो, सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून, काही मिळेल, पण १२ए (संस्थेला आयकरात सूट), ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत) आणि सीएसआर-१ (हा निधी घेण्यासाठीची नोंदणी) आणा.

म्हणून संस्था करायचं ठरलं. १८६० च्या कायद्याला किमान सात जण लागतात, ते आहेत. पण वाडीत सगळ्यांचं आडनाव एकच! सातांतले चौघे विरार-डोंबिवलीला, सह्यांना गणपतीतच सापडणार, आणि गौरीविसर्जन झालं की गाडी पकडणार. पत्त्यासाठी जागामालकाचं संमतीपत्र हवं. आमच्या घराच्या उताऱ्यावर ११ नावं, त्यातली तीन हयात नाहीत, एक आत्या बडोद्याला. मुंबईच्या मंडळाची खोली आहे दादरला, तोच पत्ता द्यावा का? एका एजंटाने सगळ्याचे मिळून २५ हजार सांगितलेत. तेवढ्यात दुसरा पलंग येईल हो. कोणी स्वतः केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद

आमच्या वाचनालयाची नोंदणी मीच धावपळ करून केली, तेव्हा सांगतो.

दादर नको. काम गावात, पत्ता मुंबईत, म्हणजे पुढे प्रत्येक कागदाला मुंबई. रत्नागिरीलाच करा, तुम्हाला तर तवसाळ-जयगड फेरीबोट आहे. महाराष्ट्रात १८६० च्या नोंदणीवर भागत नाही, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद लागते. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातच होतात. प्रमाणपत्रं दोन, नंबर दोन.

सामायिक घराच्या नादी लागू नका, ११ सह्या तुमच्या नातवाला मिळतील. पत्ता पत्रव्यवहारापुरता हवा. वाडीत ज्याची घरपट्टी एकट्याच्या नावावर आहे त्याचं संमतीपत्र घ्या, सोबत घरपट्टीची पावती. पलंग तुमच्या पडवीतच राहू द्या.

आडनावाचं भय नाही, नात्याचं आहे. नवरा, बायको, मुलगा असे एका चुलीवरचे सभासद घेऊ नका. शेजारच्या वाडीतले दोघे-तिघे घ्या, जमलं तर गावच्या आशा सेविकेला विचारा.

विधानपत्र, म्हणजे संस्थेचे उद्देश लिहिलेला मूळ कागद, नेटवरून उचलू नका. आम्ही उचललेल्यात गोशाळा, संगणक प्रशिक्षण, वृद्धाश्रम, सगळं होतं, आणि संस्था विसर्जित झाली तर मालमत्तेचं काय, तेच नव्हतं. ती तशाच दुसऱ्या संस्थेला जाईल, सभासदांत वाटली जाणार नाही, हे कलम स्पष्ट हवं. आयकरवालेही तेच बघतात. उद्देश चार ओळींत लिहा. तुमच्या वहीतली १९ नावं हाच खरा उद्देश आहे, म्हणून वही जपा.

सीएसआरची घाई सोडा. कंपनीने स्वतः काढलेली संस्था नसेल तर तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. आधी पॅन आणि बँकेत संस्थेचं खातं, मग १२ए-८०जी, ते आयकराच्या पोर्टलवर होतं. ८०जी आल्यावरही २००० रुपयांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही, हे मुंबईकरांना आत्ताच सांगून ठेवा. आणि पुढे कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादायकडे बदल अर्ज. आमचा राहिला होता, दोन जुने सभासद वारल्यावर त्या सह्यांचं निस्तरता नाकी नऊ आले.

धागाकर्ता

खूप आभार, मीही विधानपत्र नेटवरूनच उचललं होतं, ते आजच फाडलं. एकट्याच्या नावावर घरपट्टी असलेलं घर वाडीत एकच निघालं, आप्पांचं. बांधावरच्या फणसावरून ते चार वर्षं माझ्याशी बोलत नाहीत. गणपतीआधी जाऊन बघतो. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे म्हणे, वॉकर घेऊनच जातो.