मदत हवी आहे : 'अभिमन्यू' नावाचा नक्की अर्थ काय? अर्जंट

चाफेकळी : रविवारी बारसं आहे, अभिमन्यू जवळजवळ फायनल होतं आणि आता आई अडून बसलीय की सोळाव्या वर्षी गेलेल्या पोराचं नाव नको. नेटवर कुठे रागीट, कुठे स्वाभिमानी, काहीही लिहिलंय. प्लीज लवकर सांगा.

जोशीबुवा : नक्षत्र कुठलं? 'अ' म्हणजे कृत्तिकेचं पहिलं चरण. तेच आहे का?

चाफेकळी : पत्रिकेचं नाही विचारलं हो.

पोथीवाला : अर्थ आदिपर्वातच आहे. अभी म्हणजे निर्भय, आणि मन्युमान, म्हणून अभिमन्यू. आणि मन्यू म्हणजे नुसता राग नव्हे, ऋग्वेदात १०व्या मंडलात ८३ आणि ८४ ही दोन सूक्तं मन्यूचीच आहेत, शत्रूशी लढायला बळ मागणारी.

रोखठोक : ती कवीने केलेली फोड झाली. सरळ 'अभि' उपसर्ग आहे, त्यात भीती कुठून आली?

पोथीवाला : बरं, व्यासांना कळवतो.

वाकडीवाट : आमच्या ऑफिसात एक अभिमन्यू आहे, पन्नाशीचा, ठणठणीत. मीटिंगमध्ये घुसला की बाहेर पडता येत नाही एवढंच.

रोखठोक : पोटात असताना ऐकलं, सुभद्रेला झोप लागली वगैरे द्रोणपर्वात नाहीच. तिथे तो स्वतःच युधिष्ठिराला सांगतो की वडिलांनी व्यूह फोडायचा शिकवलाय, बाहेर यायचं नाही.

माणदेशी : अभिमन्यू नावाचा राष्ट्रकूट राजा होऊन गेलाय, उंडिकवाटिका ताम्रपट त्याचाच. त्याचं मानपूर म्हणजे आमचं साताऱ्याचं माण असं काही अभ्यासक मानतात. बिनधास्त ठेवा.

दोघांचीआई : दाखल्याची घाई करू नका. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा, नाव वर्षभरात फुकट घालता येतं, नंतर लेट फी. इंग्रजी स्पेलिंग मात्र आत्ताच एक ठरवा, नाहीतर पुढे आधार आणि शाळेत बोंब.

वाकडीवाट : पण ताई तुम्ही बाळाच्या कोण? आईबाबांचं काय म्हणणं?

चाफेकळी : आत्या. दादावहिनी ठाम आहेत, पण कानात नाव मी सांगणार आणि आई माझ्याच मागे लागलीय.

जोशीबुवा : मग परीक्षित ठेवा. अभिमन्यूचाच मुलगा, राजा झाला.

रोखठोक : त्याला तक्षक चावला ना.

जोशीबुवा : मग जनमेजय.

चाफेकळी : जनमेजय म्हणून खेळायला गेलेल्या पोराला गॅलरीतून हाक मारून बघा आधी.