मॉर्मन मंडळीतला ‘बिशप’: मराठीत ‘पाळक’ म्हणावं का?

विचारणा: अमेरिकेतल्या युटामधल्या एका मॉर्मन (तिथेच सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबावरचा लेख मराठीत आणतोय. घरातला कर्ता माणूस दातांचा डॉक्टर, शिवाय आपल्या ‘वॉर्ड’चा, म्हणजे स्थानिक मंडळीचा, ‘बिशप’. ‘बिशप’ तसंच ठेवलं तर वसईच्या वाचकाला अख्ख्या धर्मप्रांताचे महागुरुस्वामी वाटतील. ‘पाळक’ लिहू का?

प्रतिसाद: नको. आपल्याकडे पाळक म्हणजे धर्मशिक्षण घेतलेला, दीक्षा झालेला, मंडळीच्या पगारावरचा माणूस. मॉर्मन बिशप बिनपगारी असतो, नोकरीधंदा सांभाळून साधारण पाच वर्षं काम करतो आणि मग दुसऱ्याकडे सोपवतो. दर रविवारी संदेशही तो देत नाही, सभासदच आळीपाळीनं बोलतात.

मात्र ‘पाळकीय काम’ खुशाल लिहा, कारण ते भरपूर आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी लोक दोन वेळचं जेवण सोडून त्याचे पैसे देतात. त्यातून कुणाचं भाडं भरायचं, कुणाला ‘बिशपच्या कोठारा’तून धान्य द्यायचं, हे तो ठरवतो. मॉर्मन मंदिरात (रविवारच्या सभेच्या जागेहून वेगळं, खास विधींचं) जायचं शिफारसपत्र हवं तर आधी त्याच्याशी मुलाखत. गंभीर चूक घडली तर माणूस त्याच्याचकडे येतो. पण कॅथलिक पापनिवेदनासारखं पापक्षमेचं वचन तो उच्चारत नाही. २०२० पासून तरुण मुलामुलींकडे त्यानं जास्त लक्ष द्यावं म्हणून वॉर्डातलं ‘यंग मेन’चं (किशोरवयीन मुलग्यांच्या गटाचं) वेगळं अध्यक्षमंडळच बंद केलं. मोठ्यांची बरीच विचारपूस आता रिलीफ सोसायटीच्या (स्त्रियांच्या संघटनेच्या) अध्यक्षा आणि एल्डर्स कोरमचे (प्रौढ पुरुषांच्या गटाचे) अध्यक्ष पाहतात. म्हणजे सगळं पाळकीय काम एकट्या बिशपचं, असंही लिहू नका.

विचारणा: मग ‘प्रापंचिक बिशप’?

दुसरा प्रतिसाद: तेही अडतं. ‘प्रापंचिक’ म्हटलं की समोर याजकवर्ग उभा राहतो. इथे तसा वेगळा वर्गच नाही. मुलग्यांना बाराव्या वर्षाच्या सुमारास याजकपण मिळायला लागतं. (स्त्रियांना मिळत नाही.) बायबलच्या मराठी भाषांतरात या पदाला ‘अध्यक्ष’ आहे, पण तो शब्द आता गृहनिर्माण सोसायटीनं पळवलाय! त्यामुळे ‘बिशप’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे स्थानिक मंडळीचा बिनपगारी प्रमुख’ एवढं जोडा.

विचारणा: आणि ‘वॉर्ड’? नगरसेवक आठवतो.

पहिल्याच प्रतिसादकाचं उत्तर: आठवू द्या, नातं तिथलंच आहे! १८४० च्या दशकात इलिनॉयमधल्या नॉवू शहरात पालिकेचे वॉर्ड होते, तिथे गरिबांची काळजी घ्यायला वॉर्डवार बिशप नेमले गेले. शब्द तिथून चिकटला. पहिला बिशप एडवर्ड पार्ट्रिज मात्र त्याआधीचा, १८३१ चा. संवादात ‘बिशप’पुढे आडनाव लावा. आणि तुमचा डॉक्टर पुढे पद सोडणार असेल तर ‘माजी’ लिहायची घाई नको. जुने सभासद नंतरही सवयीनं ‘बिशप’च म्हणतात.