ल्योंची खाद्यभ्रमंती सोमवारी नको

सोमवारी गर्दी कमी म्हणून फ्रान्समधल्या ल्यों शहरातली खाद्यभ्रमंती त्याच दिवशी ठेवा, असा सल्ला काही जण देतात. तो गर्दीपुरता बरोबर असेल, पण खाण्याच्या दृष्टीने मला अजिबात पटला नाही. प्रसिद्ध शेफ पॉल बोक्यूझ यांच्या नावाच्या मंडईतली बरीच दुकानं सोमवारी बंद असतात, आणि क्रोआ-रूसच्या टेकडीवरचा खाण्याचा बाजार मंगळवार ते रविवार सकाळी भरतो. आम्ही सोमवारीच गेलो होतो. गाइड मनापासून सांगत होती, पण समोर खाली ओढलेली शटरं! मंगळवारची सकाळ धरा आणि टेकडीवरून सुरुवात करा, म्हणजे जुन्या शहरापर्यंत उतारच उतार. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर हे फार महत्त्वाचं आहे. वाटेत त्राबूल, म्हणजे इमारतींच्या पोटातून जाणारे बोळ लागतात. वर लोक राहतात, तेव्हा तिथे हळू बोला.

आता शाकाहाऱ्यांचा मुद्दा. 'सेर्व्हेल द कान्यू' या इथल्या पदार्थाच्या नावाचा अर्थ शब्दशः 'रेशीम विणकराचा मेंदू'. नाव कळताच आईने वाटी बाजूला सारली. प्रत्यक्षात ते चक्क्यासारखं ताजं चीज, त्यात बारीक चिरलेला छोटा कांदा, लसूण, हिरवी पात आणि थोडं व्हिनेगर. नंतर तिनेच पावाने वाटी पुसून खाल्ली. रेनेट (चीजसाठी दूध गोठवायला वापरतात ते, बरेचदा वासराच्या जठरातून काढलेलं) चालत नसेल तर मात्र आधी विचारा. आणि 'केनेल' हा मऊ, लांबट गोळ्यासारखा पदार्थ दिसायला साधा असला तरी त्यात बहुधा मासा असतो, हे बुकिंग करतानाच सांगून ठेवा.